घटक ४ : आशयनिर्मितीचा प्रकल्प – संबंधित घटकांचा सहभाग आणि एकवाक्यता

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• आशयनिर्मितीच्या प्रकल्पाशी कोणकोणते घटक संबंधित असतात, हे सांगता येईल.
• ‘एकमत’ आणि ‘एकवाक्यता’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठीतील कोशप्रकल्पांच्या आधारे या घटकांच्या सहभागाचे महत्त्व विशद करता येईल.
• मतभेदांचे प्रकार ओळखून त्यांवरील उपाय सुचवता येतील.
• एखाद्या छोट्या आशयप्रकल्पासाठी भूमिकांची वाटणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कविता किंवा ललित लेख एकट्याने लिहिला जातो आणि त्याची जबाबदारीही एकट्याची असते. कार्यालयाची माहितीपुस्तिका, पाठ्यपुस्तक, कोश, शासकीय योजनेचे पत्रक किंवा संग्रहालयातील फलक यांचे तसे नसते. या लेखनासाठी पैसा एक जण पुरवतो, माहिती दुसरा देतो, शब्द तिसरा लिहितो, मान्यता चौथा देतो आणि वाचतो मात्र पाचवाच. या पाच जणांची आपापसांत गाठ पडलीच पाहिजे, असे नाही. अशा लेखनाची भाषा शुद्ध असूनही ते फसते, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा व्याकरणात सापडत नाही. ते या माणसांमधील तुटलेल्या दुव्यांत सापडते.

भाषेच्या पदवीधराला पुढे अनुवादक, संपादक, मुद्रितशोधक, जनसंपर्क अधिकारी किंवा आशयलेखक म्हणून काम करावे लागते. त्याला वाक्य लिहिता येणे आवश्यक आहेच. परंतु ज्यांच्या संमतीने, माहितीने आणि विश्वासाने ते वाक्य उभे राहते, त्या सर्वांना एका उद्दिष्टाशी कसे जोडावे, हेही त्याला समजले पाहिजे. प्रस्तुत घटकात आपण याच कौशल्याचा विचार करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आशयप्रकल्प आणि संबंधित घटक

कोणती माहिती, कोणासाठी, कोणत्या भाषेत, कोणत्या माध्यमातून, किती काळासाठी द्यायची आणि ती पुढे अद्ययावत कोणी ठेवायची, याविषयीच्या पूर्वनियोजनाला आशयनियोजन म्हणतात. या नियोजनानुसार ठरावीक मुदतीत पार पाडायच्या कामाला आपण आशयप्रकल्प म्हणू.

अशा प्रकल्पात ज्यांचे काही ना काही गुंतलेले असते, त्यांच्यासाठी मराठीत अद्याप एक सर्वमान्य शब्द रुळलेला नाही. ‘भागधारक’ हा शब्द अलीकडे वृत्तपत्रांत दिसतो. पण कंपनीच्या भागभांडवलात पैसे गुंतवणारा, हाच त्याचा रूढ अर्थ आहे. ‘हितसंबंधी’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात स्वार्थाची छटा उमटते. ‘सहभागी’ म्हणावे, तर प्रत्यक्ष कामात भाग न घेणारा वाचक त्यातून वगळला जातो. म्हणून या घटकात ‘संबंधित घटक’ ही साधी संज्ञा वापरली आहे. हे घटक स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) प्रायोजक : पैसा, जागा किंवा अधिकार पुरवणारी व्यक्ती अथवा संस्था.
(आ) ज्ञानदाता : विषयाची माहिती असणारा तज्ज्ञ. तो विद्वानच असेल असे नाही. विणकर, शेतकरी, परिचारिका हेही आपापल्या क्षेत्राचे ज्ञानदाते होत.
(इ) निर्माता : लेखक, अनुवादक, संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक.
(ई) मान्यताकर्ता : ज्याच्या स्वाक्षरीवाचून मजकूर बाहेर पडत नाही, असा अधिकारी किंवा मंडळ.
(उ) वितरक : ज्याच्या हातून मजकूर वाचकापर्यंत पोहोचतो, तो विक्रेता, ग्रंथपाल, खिडकीवरचा लिपिक किंवा अभ्यासकेंद्राचा संयोजक.
(ऊ) उपयोगकर्ता : ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो वाचक.

या यादीतील शेवटच्या दोन घटकांना बैठकीचे निमंत्रण सहसा जात नाही. वितरकाला सर्व तयार झाल्यावर गठ्ठे मिळतात आणि उपयोगकर्ता तर कोणाच्याच ओळखीचा नसतो. परंतु मजकुरातील दोष सर्वप्रथम यांनाच जाणवतात. अर्जातील कोणता रकाना लोकांना समजत नाही, हे खिडकीवरच्या लिपिकाइतके चांगले दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणून संबंधित घटकांची यादी करताना ‘हा मजकूर चुकला, तर कोणाचे नुकसान होईल?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. ज्याचे नुकसान सर्वाधिक, त्याचे नाव यादीत सर्वांत वर असावे.

४.२.२ एकमत आणि एकवाक्यता

‘सर्वांचे एकमत करा’ असे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात एकमत क्वचितच होते. झालेच, तर ज्याला कोणाचाही आक्षेप नाही आणि ज्याचा कोणाला उपयोगही नाही, असा मजकूर पुष्कळदा हाती येतो. भारतीय वाक्यविचारात याहून अधिक उपयुक्त अशी एक संकल्पना आहे. ती म्हणजे एकवाक्यता.

पूर्वमीमांसेत वाक्याचा विचार करताना असे मानले आहे की, ज्या पदांचे प्रयोजन एक आहे आणि जी सुटी केली असता परस्परांची अपेक्षा ठेवतात, त्या पदांचे मिळून एक वाक्य होते. येथे पदांनी एकसारखे असावे, अशी अट नाही. कर्ता हा कर्ता राहतो, कर्म हे कर्म राहते आणि क्रियापद आपले काम करते. प्रत्येकाचे रूप वेगळे, कार्य वेगळे. पण अर्थ एक. प्रकल्पातील घटकांचेही असेच असावे. लेखापालाने लेखकासारखा विचार करावा, अशी अपेक्षा करू नये. त्याने खर्चाचाच विचार करावा. मात्र तो त्याच प्रयोजनासाठी करावा.

वाक्यार्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी आपल्या शास्त्रकारांनी सांगितल्या आहेत. त्या प्रकल्पालाही लागू करता येतात.

आकांक्षा : एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा म्हणजे आकांक्षा. ‘आण’ म्हटले की ‘काय?’ ही अपेक्षा निर्माण होते. प्रकल्पात प्रत्येक घटकाला इतरांकडून काय हवे आहे, हे सुरुवातीलाच विचारून लिहून ठेवावे. तज्ज्ञाला अचूकता हवी असते, मान्यताकर्त्याला सुरक्षितता, प्रायोजकाला वेळेत पूर्तता आणि वाचकाला आपल्या प्रश्नाचे उत्तर. अपेक्षा न विचारताच काम सुरू झाले, तर ती पुढे तक्रार बनून प्रकट होते.

योग्यता : पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे म्हणजे योग्यता. ‘अग्नीने शिंपतो’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे. पण शिंपण्याची योग्यता अग्नीच्या ठायी नाही. प्रकल्पातही योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला पाहिजे. औषधाची मात्रा वैद्यकीय तज्ज्ञाने ठरवावी आणि ती सांगणारे वाक्य कसे असावे, हे भाषातज्ज्ञाने. यांची अदलाबदल झाली की बैठका लांबतात आणि मजकूर बिघडतो.

संनिधी : पदांचा उच्चार वेळेच्या दृष्टीने जवळजवळ होणे म्हणजे संनिधी. ‘गाय’ हा शब्द आज उच्चारला आणि ‘आण’ हा उद्या, तर वाक्य होत नाही. आरंभीच्या बैठकीत तज्ज्ञांचा सत्कार करून वर्षभराने त्यांच्यापुढे छापील प्रत ठेवली, तर तो सहभाग म्हणता येणार नाही. मधला दीर्घ अवकाश वाक्य तोडतो.

एकवाक्यता साधण्याचा पहिला उपाय अगदी शब्दशः घ्यावयाचा आहे : प्रकल्पाचे उद्दिष्ट खरोखरच एका वाक्यात लिहावे. ‘या मजकुरामुळे अमुक वाचकाला अमुक गोष्ट स्वतःहून करता येईल’ असा त्या वाक्याचा साचा असावा. ‘जनजागृती करणे’, ‘माहिती पोहोचवणे’ यांसारख्या शब्दप्रयोगांवर कोणाचाही आक्षेप नसतो, कारण त्यांतून कोणतीच निवड सूचित होत नाही. याउलट ‘प्रथमच पीकविमा उतरवणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या मदतीशिवाय अर्ज भरता येईल’ हे वाक्य लिहिले की कायद्याचा इतिहास वगळावा लागतो, कागदपत्रांची यादी पुढे आणावी लागते आणि मतभेद लगेच उघड होतात. ते पहिल्या आठवड्यात उघड झालेले बरे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) ‘भागधारक’ ही संज्ञा या संदर्भात पुरेशी का नाही?
(२) संनिधी या अटीचा प्रकल्पाच्या दृष्टीने अर्थ सांगा.

४.२.३ मराठीतील तीन प्रकल्प

(अ) महाराष्ट्रीय ज्ञानकोश

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. घेऊन भारतात परतले आणि मराठीत ज्ञानकोश निर्माण करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यामागे राजाश्रय नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नागपूर येथे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित कंपनी स्थापन केली. पुढे काम पुण्यास हलले आणि १९२० पासून ज्ञानकोशाचे एकूण २३ खंड सिद्ध झाले. येथे भागधारक खरोखरच भागधारक होते. त्यांच्याखेरीज आगाऊ वर्गणी भरून ग्राहक होणारे मध्यमवर्गीय वाचक, त्यांच्याकडे जाणारे प्रतिनिधी, आणि संपादकीय साहाय्यक असे अनेक घटक या कामाला जोडलेले होते. कोश विकला गेला तरच पुढचा खंड निघणार, अशी परिस्थिती असल्यामुळे वाचकाचा विचार टाळणे शक्यच नव्हते.

या कोशाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. ‘हिंदुस्थान आणि जग’ हा त्यांतील पहिला. अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून सुरू होतात. विद्वान संपादकाच्या दृष्टीने ही मांडणी सुसंगत आहे : जगाच्या इतिहासात आपले स्थान कोणते, हे आधी समजल्याशिवाय सुट्या नोंदींना अर्थ नाही. परंतु शब्द काढून माहिती पाहावी, या हेतूने वर्गणी भरणाऱ्या वाचकाची आकांक्षा वेगळी असू शकते. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. अशा वेळी रचनेमागील कारण वाचकाला आधीच सांगणे, हे संपादकाचे कर्तव्य ठरते. केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला. आपण काय केले आणि का केले, याचा हिशेब संबंधितांपुढे ठेवण्याचे मराठीतील हे एक ठळक उदाहरण होय.

सहभागाचे आणखी एक फलित येथे दिसते. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. ज्या प्रकल्पात माणसांना केवळ राबवले जात नाही, तर घडवले जाते, तो प्रकल्प संपल्यावरही त्याची परंपरा चालू राहते.

(आ) पदनामकोश

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यकारभार मराठीतून चालवण्यासाठी १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले. १९६२ मध्ये ‘पदनामकोश’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी पदनामांना मराठी पर्याय देण्याचे काम त्यात केले होते. त्यावर बरीच टीका झाली. ‘बदनामकोश’ अशी त्याची थट्टाही करण्यात आली. संस्कृतप्रचुर शब्द लोकांवर लादले जात आहेत, असा आक्षेप होता.

आज मागे वळून पाहता या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. जिल्हाधिकारी, संचालक, आयुक्त, अभियंता हे शब्द आज कोणालाही अपरिचित वाटत नाहीत. कार्यालयांच्या पाट्या, पत्रांचे मथळे, वृत्तपत्रे आणि स्पर्धा परीक्षा यांतून ते रोज डोळ्यांखालून गेले, म्हणून ते रुळले. तरीही बोलताना आपण ‘कलेक्टर कचेरी’ म्हणतो, तर कनिष्ठ अभियंत्याला ‘जेई’. म्हणजे लेखी व्यवहाराने शब्द स्वीकारला आणि बोलीने आपली सोय पाहिली. शब्द सिद्ध करणारे मंडळ आणि शब्द वापरणारा समाज यांच्यात आधी संवाद झाला, तर स्वीकाराला लागणारा काळ कमी होतो. तो झाला नाही, तर टीका हाच पहिला संवाद ठरतो, हा यातील बोध आहे.

(इ) मराठी विश्वकोश

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड प्रसिद्ध व्हायला १९७६ साल उजाडले. मधल्या काळात काय घडले, हे पाहिले की या विलंबाचे एक कारण समजते. मानव्यविद्यांपासून विज्ञान-तंत्रविद्येपर्यंतच्या असंख्य विषयांवर निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या शिस्तीत वाढलेले लेखक लिहिणार होते. एकाच संकल्पनेसाठी प्रत्येकाने स्वतंत्र मराठी शब्द वापरला असता, तर नोंदी एकमेकींशी बोलू शकल्या नसत्या. म्हणून परिभाषा ठरवणे हे पायाभूत काम होते. योजनेत अठराव्या क्रमांकाचा असलेला परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या खंडाच्याही आधी, प्रसिद्ध झाला. ही उलटी दिसणारी क्रमवारी नियोजनाच्या दृष्टीने अगदी सरळ आहे : आधी शब्दांवर सहमती, मग लेखन.

विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव दिलेले असते. ही बाब लहान वाटली, तरी तिचे दोन परिणाम होतात. श्रेय मिळाल्यामुळे लेखक कामाशी बांधला जातो आणि नाव छापले जाणार असल्यामुळे तो जबाबदारीही घेतो. पुढे १९८० मध्ये विश्वकोश निर्मितीसाठी स्वतंत्र मंडळ झाले. अलीकडच्या काळात नोंदी अद्ययावत करण्यासाठी विद्यापीठे व संस्था यांच्या सहकार्याने विषयवार ज्ञानमंडळे स्थापन करण्यात आली आहेत. एका ठिकाणच्या संपादकवर्गाने सर्व विषयांवर लक्ष ठेवणे अशक्य झाल्यावर कामाची मालकीच विभागून देण्याचा हा मार्ग आहे.

४.२.४ भूमिकांची वाटणी : टिप्पणीची भाषा

प्रकल्पात गोंधळ होण्याचे एक नेहमीचे कारण असे की, मसुदा सर्वांकडे पाठवला जातो. पण त्याचे नेमके काय करायचे, हे कोणालाच सांगितले जात नाही. ‘कृपया पाहून घ्यावे’ या वाक्यातील ‘पाहून घेणे’ म्हणजे काय? एक जण शुद्धलेखन तपासतो, दुसरा सबंध रचना बदलतो, तिसरा आपली संमती गृहीत धरली जाईल म्हणून गप्प राहतो, तर चौथ्याला वाटते की अंतिम निर्णय आपलाच आहे.

आपल्या प्रशासकीय मराठीत या अडचणीवर तयार उत्तर आहे. कार्यालयीन टिप्पणी पुढे सरकवताना लिहिले जाणारे चार शेरे आठवा :

• माहितीस्तव सादर – वाचणाऱ्याने केवळ जाणून घ्यावे. उत्तराची अपेक्षा नाही.
• अभिप्रायार्थ सादर – मत हवे आहे. पण ते बंधनकारक असेल असे नाही.
• मान्यतेस्तव सादर – निर्णय हवा आहे. होय किंवा नाही.
• कार्यवाहीस्तव – निर्णय झाला आहे. आता काम करावयाचे आहे.

हे शेरे आपण सवयीने लिहितो, म्हणून त्यांतील काटेकोरपणा आपल्या ध्यानात येत नाही. प्रत्येक मसुद्यासोबत प्रत्येक घटकाच्या नावापुढे या चारांपैकी एकच शेरा लिहावा. ‘मान्यतेस्तव’ हा शेरा शक्यतो एकाच नावापुढे असावा; दोन नावांपुढे तो असला, तर मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे, हे आधीच ठरवावे. अभिप्रायासाठी तारीख द्यावी आणि प्रश्नही विचारावा. ‘आपले मत कळवावे’ यापेक्षा ‘तिसऱ्या परिच्छेदातील मुदतीचा नियम आजच्या घडीस लागू आहे काय?’ असे विचारले, तर उपयुक्त उत्तर मिळते.

आपण ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात, त्याची पाठ्यपुस्तके हेही याचे उदाहरण आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले. विद्यार्थ्यासमोर रोज शिक्षक उभा नसल्यामुळे पुस्तकालाच शिक्षकाचे काम करावे लागते. म्हणून या पुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर लेखक, संपादक आणि अनुदेशन तंत्र संपादक अशी वेगवेगळी नावे आढळतात. विषय बरोबर आहे काय, हे एकाने पाहावे आणि तो एकट्या विद्यार्थ्याला स्वतःहून समजेल काय, हे दुसऱ्याने पाहावे, अशी ही विभागणी आहे. दिवसभर नोकरी करून रात्री पुस्तक उघडणारी विद्यार्थिनी या बैठकीत नसते. तिच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम एका व्यक्तीकडे अधिकृतपणे सोपवलेले असते. उपयोगकर्ता अनुपस्थित असेल, तेव्हा त्याचा प्रतिनिधी नेमणे अत्यावश्यक असते, हे यावरून लक्षात येईल.

४.२.५ मतभेदांचे तीन प्रकार

सर्व मतभेद सारखे नसतात. त्यांचे तीन प्रकार मानले, तर उपाय सुचणे सोपे जाते.

शब्दभेद : आशय मान्य, पण शब्द अमान्य. ‘लाभार्थी’ म्हणावे की ‘अर्जदार’? असा वाद परिभाषेची यादी करून एकदाच मिटवावा आणि ठरलेला शब्द सर्वत्र वापरावा.

अर्थभेद : शब्द एकच, पण प्रत्येकाच्या मनातील अर्थ वेगळा. हा प्रकार अधिक धोक्याचा, कारण बैठकीत सर्व जण माना डोलावतात आणि भेद छपाईनंतर उघड होतो. ‘सोपी भाषा’ या शब्दांचा अर्थ एकाला लहान वाक्ये असा वाटतो, दुसऱ्याला बोलीभाषा, तर तिसऱ्याला इंग्रजी शब्दांची मुभा. यावर चर्चेपेक्षा नमुना उपयोगी पडतो. एक पान प्रत्यक्ष लिहून सर्वांपुढे ठेवावे. मग कोणाच्या मनात काय होते, ते कळते.

हितभेद : येथे शब्द आणि अर्थ दोन्ही स्पष्ट असतात, हिताचा मेळ बसत नसतो. योजनेतील त्रुटी लिहू नये असे कार्यालयाला वाटते आणि ती आधी कळावी असे अर्जदाराला वाटते. हा भेद शब्दांची डागडुजी करून मिटत नाही. संदिग्ध वाक्य लिहून दोघांनाही खूश करण्याचा मोह येथे होतो. तो टाळला पाहिजे, कारण त्या संदिग्धतेची किंमत वाचक चुकवतो. अशा वेळी उद्दिष्टवाक्याकडे परत जावे आणि निर्णय मान्यताकर्त्याकडून लेखी घ्यावा. भाषातज्ज्ञाने हितभेदाला शब्दभेदाचे रूप देऊ नये, ही या व्यवसायाची नैतिक मर्यादा आहे.

४.२.६ सहभाग टिकवणे

आरंभीचा उत्साह ओसरणे स्वाभाविक आहे. तो टिकावा म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. पूर्ण ग्रंथ तयार होण्याची वाट न पाहता एकेक प्रकरण दाखवावे. आलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद ठेवून ती स्वीकारली की नाही आणि का, हे सूचना करणाऱ्याला कळवावे. नाकारलेल्या सूचनेचे कारण कळले, तर माणूस सहसा दुरावत नाही. सूचनेचे काय झाले हेच कळले नाही, तर तो पुढच्या वेळी मौन बाळगतो. ज्ञानदात्याचे नाव त्याच्या संमतीने छापावे. आणि मजकूर प्रसिद्ध झाल्यावर तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(१) विश्वकोशाच्या योजनेत परिभाषासंग्रह आधी प्रसिद्ध होण्याचे महत्त्व सांगा.
(२) अर्थभेद ओळखण्यासाठी कोणता उपाय सुचवला आहे?

४.२.७ सराव-उदाहरण : सिंहस्थातील यात्रेकरूंसाठी माहितीपत्रक

आता एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. समजा, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थासाठी येणाऱ्या ग्रामीण यात्रेकरूंकरिता मराठी माहितीपत्रक तयार करावयाचे आहे. हा मेळा बारा वर्षांनी भरतो. वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकला रामकुंडावर, तर शैव आखाड्यांचे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर होते आणि या दोन स्थळांत सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आहे. येथे महापालिका, पोलीस, एस. टी. महामंडळ, रेल्वे, आरोग्य विभाग, आखाडे, पुरोहित आणि स्थानिक रहिवासी असे अनेक घटक संबंधित आहेत. विषय केवळ सोयीचाही नाही. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले होते. प्रचंड गर्दीत दिलेली सूचना क्षणात आणि एकाच अर्थाने समजली पाहिजे, ही जाणीव पत्रक लिहिणाऱ्याने सतत ठेवावी.

अर्थभेद येथे कसा उद्भवतो, ते ‘घाट’ या एका शब्दावरून पाहा. ‘घाट बंद आहे’ ही सूचना गोदावरीच्या काठी उभ्या असलेल्या यात्रेकरूने वाचली, तर त्याला पायऱ्यांचा काठ आठवेल. तीच सूचना मुंबईहून येणाऱ्या वाहनचालकाने वाचली, तर त्याला कसारा घाट बंद आहे असे वाटेल. नदीकाठची व्यवस्था पाहणारा अधिकारी आणि महामार्गावरील वाहतूक सांभाळणारा पोलीस, दोघेही आपापल्या परीने बरोबर शब्द वापरत आहेत. दोघांना एकत्र बसवल्यावरच ‘स्नानाचा घाट’ आणि ‘कसारा घाटरस्ता’ असा भेद करण्याची गरज ध्यानात येते. ‘पर्वणी’ या शब्दाचेही तसेच आहे : पुरोहिताच्या दृष्टीने तो विशिष्ट स्नानाचा दिवस, तर सामान्य बोलण्यात आनंदाची दुर्मीळ संधी. पत्रकात तो वापरावा. पण त्यापुढे दिनांक द्यावा.

उद्दिष्टवाक्य असे लिहिता येईल : ‘प्रथमच नाशिकला आलेल्या यात्रेकरूला वाहनतळापासून स्नानाच्या घाटापर्यंत आणि तेथून परत वाहनतळापर्यंत कोणालाही न विचारता जाता येईल.’ या वाक्याच्या कसोटीवर पाहिले, तर तीर्थमाहात्म्य, मान्यवरांचे संदेश आणि छायाचित्रे यांची जागा आपोआप कमी होते. नकाशा, परतीची वाट आणि हरवलेल्या माणसांसाठीचे केंद्र यांची जागा वाढते. मान्यवरांचा संदेश वगळण्यास प्रायोजक तयार नसेल, तर तो हितभेद होय. त्यावर तोडगा म्हणून संदेश मागील पानावर घेता येईल. परतीच्या वाटेच्या नकाशावर मात्र तडजोड करता येणार नाही. शेवटी, मसुदा एखाद्या गावातील चार-पाच व्यक्तींना वाचायला देऊन ‘आता तुम्ही कुठे जाल?’ एवढेच विचारावे. ‘पत्रक आवडले काय?’ असे विचारल्यास सौजन्याने होकार मिळतो. पण त्यातून काही कळत नाही.

४.३ सारांश

आशयप्रकल्पात प्रायोजक, ज्ञानदाता, निर्माता, मान्यताकर्ता, वितरक आणि उपयोगकर्ता हे घटक संबंधित असतात. या सर्वांचे एकमत होणे आवश्यक नाही. भूमिका भिन्न राहूनही प्रयोजन एक असणे, म्हणजे एकवाक्यता, आवश्यक आहे. आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटींच्या आधारे ती तपासता येते. ज्ञानकोश, पदनामकोश आणि विश्वकोश या प्रकल्पांतून अनुक्रमे वाचकाशी बांधिलकी, वापरणाऱ्याशी पूर्वसंवाद आणि परिभाषेवरील सहमती यांचे महत्त्व दिसते. टिप्पणीतील चार शेऱ्यांनी भूमिका स्पष्ट होतात. मतभेद शब्दाचा, अर्थाचा की हिताचा, हे ओळखूनच उपाय करावा. बैठकीत नसलेल्या वाचकाचा प्रतिनिधी बैठकीत असलाच पाहिजे.

४.४ पारिभाषिक शब्द

आशयनियोजन – मजकुराची निर्मिती, वितरण व देखभाल यांचे पूर्वनियोजन.
एकवाक्यता – परस्परसापेक्ष घटकांचे एका प्रयोजनासाठी जोडले जाणे.
आकांक्षा – वाक्यातील एका पदाला असणारी दुसऱ्या पदाची अपेक्षा.
योग्यता – पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ.
संनिधी – पदांचे कालदृष्ट्या सान्निध्य.
उद्दिष्टवाक्य – प्रकल्पाचे प्रयोजन सांगणारे एकमेव वाक्य.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) कंपनीच्या भांडवलात पैसे गुंतवणारा हा तिचा रूढ अर्थ असल्यामुळे वाचक, वितरक इत्यादी घटक तिच्या कक्षेत येत नाहीत. (२) संबंधित घटकांशी कामाच्या प्रत्येक टप्प्यावर, दीर्घ खंड न पडता, संपर्क राहणे.
प्रश्न – २ : (१) अनेक विषयांतील अनेक लेखक लिहिणार असल्याने एका संकल्पनेसाठी एकच संज्ञा ठरणे गरजेचे होते, शब्दांवरील सहमती लेखनाआधी झाली. (२) चर्चा लांबवण्याऐवजी प्रत्यक्ष लेखनाचा एक पानाचा नमुना सर्वांपुढे ठेवणे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘एकमत’ आणि ‘एकवाक्यता’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
(२) पदनामकोशाच्या स्वीकाराची प्रक्रिया संबंधित घटकांच्या दृष्टीने विशद करा.
(३) टीप लिहा : हितभेद आणि भाषातज्ज्ञाची जबाबदारी.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, बँक किंवा एस. टी. स्थानक येथील एक सूचनाफलक अथवा अर्ज निवडा. तो कोणी लिहिला, कोणी मान्य केला आणि कोण वापरतो, याची चौकशी करा. वापरणाऱ्या किमान तीन व्यक्तींना तो वाचायला देऊन त्यांना कोणत्या ठिकाणी अडचण येते, याची नोंद करा. त्यानंतर फलकाचा सुधारित मसुदा तयार करून प्रत्येक संबंधित घटकाच्या नावापुढे ‘माहितीस्तव’, ‘अभिप्रायार्थ’, ‘मान्यतेस्तव’ किंवा ‘कार्यवाहीस्तव’ यांपैकी योग्य शेरा लिहा आणि तो आपल्या अभ्यासकेंद्रावरील समंत्रकांना दाखवा.